पायाखालची फरशी आणि डोक्यावरचे कर्ज

नवे घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला प्रत्यक्षात फार थोड्या गोष्टी निवडता येतात. घर कोणत्या उपनगरात घ्यायचे हे त्याची पगाराची स्लिप ठरवते. खोल्या किती असाव्यात हे बँक ठरवते. खिडकी कुठल्या दिशेला उघडणार हे वास्तुरचनाकार ठरवतो आणि भाव तर बिल्डर ठरवतो. हे सगळे दुसऱ्यांनी ठरवून झाल्यावर, टोकनाचा चेक फाडून झाल्यावर, एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका त्याच्यापुढे सरकवली जाते आणि अत्यंत अदबीने विचारले जाते, ‘सर, फ्लोअरिंग स्टँडर्ड ठेवायचे की अपग्रेड करायचे? मॅडम, किचनला डॅडो कुठल्या डिझाइनचा?’

इथे माणूस फुलून येतो. इतके दिवस त्याला कोणी काही विचारलेच नव्हते! आता नवरा-बायको दोन-दोन रविवार टाइल्सच्या दुकानांतून हिंडतात. मुलगी मोबाइलवर चित्रे दाखवते, सासूबाई ‘पांढरी नको ग, डाग दिसतात’ म्हणतात. शेवटी दोन-तीन लाख रुपयांचा आकडा कागदावर पडतो आणि साठ-सत्तर लाखांच्या हिशेबात तो इतका किरकोळ वाटतो की त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

मला मात्र त्याच्याकडे निरखून पाहावेसे वाटते. त्याला दोन कारणे आहेत. आयुष्यातली तीसेक वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्ज विभागात. दुसरे म्हणजे कादंबरी लिहिताना एखादे घर उभे करायचे झाले की मी आधी जमीन ठरवतो. पात्र अनवाणी चालणार आहे ते कशावरून, हे कळले की त्या घराची ऐपत, त्यातल्या बाईचे श्रम आणि म्हाताऱ्यांची अवस्था हे सारे आपोआप कळत जाते. फरशी हा वरवर आवडीनिवडीचा मामला दिसतो. पण तिच्याखाली कायदा आहे, पैसा आहे, घरातल्या माणसांची हाडे आहेत आणि आपल्याला कधीच न दिसणाऱ्या काही माणसांची फुप्फुसेही आहेत.

शेणापासून विट्रिफाइडपर्यंत

आपल्याकडची जमीन किती भराभर बदलली ते आठवून पाहावे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांचे बालपण सारवलेल्या जमिनीवर गेले. तिथून तालुक्याच्या गावी आले की कोबा, पुण्यातल्या वाड्यात शहाबादी फरशी. कर्नाटकातल्या शहाबादहून आलेला हा करडा दगड उन्हाळ्यात थंडगार असे आणि त्यावर नुसत्या सतरंजीवर दुपारची झोप लागत असे. मुंबईत ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरी सिमेंटच्या नक्षीदार रंगीत टाइल्स असत. या टाइल्स आधी विलायतेहून येत. १९२२ साली सिधवा कुटुंबाने ‘भारत फ्लोअरिंग्ज’ हा कारखाना काढला, तो स्वदेशीच्या प्रेरणेने.

मग सहकारी गृहरचना संस्थांचा काळ आला आणि त्याबरोबर मोझॅक. संगमरवराचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये घालून केलेल्या दहा बाय दहाच्या टाइल्स, त्या बसवल्यावर यंत्राने होणारी घासाई, जिन्यावरून ओघळणारा तो राखाडी चिखल आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने येणारी चमक. ऐंशीच्या दशकात चकचकीत सिरॅमिक टाइल्स आल्या आणि ‘स्पार्टेक’ हे एका कंपनीचे नाव सगळ्याच टाइल्सना पडले. नव्वदच्या आसपास ज्याच्या हातात थोडा पैसा खुळखुळू लागला त्याने मकराणा संगमरवर घातला. नंतर विट्रिफाइड आली, दोन फूट बाय दोन फूट, आणि तिने सगळ्यांना एका पातळीवर आणले. आज कोथरूड, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर कुठेही जा, बिल्डर जी ‘स्टँडर्ड’ फरशी देतो ती हीच.

गंमत पुढेच आहे. आज अपग्रेडच्या पुस्तिकेत सर्वात महाग पानावर काय असते? ‘टेराझो’, म्हणजे आपला मोझॅकच! ‘व्हिंटेज सिमेंट टाइल’, म्हणजे आजोबांच्या चाळीतली नक्षी. ‘नॅचरल स्टोन फिनिश’, म्हणजे शहाबादी आणि कोटा, पण छापील. वडिलांनी जी फरशी जुनाट म्हणून फोडून टाकली तिचे छायाचित्र टाइलवर छापून मुलगा कर्ज काढून विकत घेतो आहे. फॅशन फिरून येते याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की फरशीची फॅशन दहा-बारा वर्षांची असते आणि गृहकर्ज वीस वर्षांचे.

तीन लाखांचे सहा लाख

हिशेब आधी करू. समजा अपग्रेडचे तीन लाख रुपये तुम्ही घराच्या किमतीत मिळवले आणि त्यावर वीस वर्षांचे कर्ज घेतले. व्याजाचा दर आठ टक्के धरा. महिन्याचा हप्ता सुमारे २,५१० रुपयांनी वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण २४० हप्ते भरून होतात तेव्हा तुम्ही सहा लाखांहून थोडे अधिक भरलेले असतात. यावर कोणी म्हणेल, वीस वर्षांनंतरच्या रुपयाला आजच्या रुपयाची किंमत थोडीच असते? खरे आहे. जमीन आणि भिंतींच्या बाबतीत हा युक्तिवाद मला मान्य आहे, कारण त्यांची किंमतही रुपयाबरोबर वाढते. दहा वर्षे वापरलेल्या टाइलला मात्र घर विकताना कोणी वेगळे पैसे देत नाही. मूल्यांकनकार घराचे चौरस फूट मोजतो, इमारतीचे वय पाहतो, रस्ता पाहतो. ओट्यामागच्या मोरोक्कन नक्षीचे मोल त्याच्या अहवालात मी क्वचितच पाहिले.

दुसरी गोष्ट वेळेची. अपग्रेडचा प्रश्न नेमका अशा क्षणी येतो की तेव्हा खिशात सर्वांत कमी पैसे असतात. पुण्यात सत्तर लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, म्हणजे चौदा लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख नव्वद हजार. घर बाईच्या नावावर घेतले तर यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी तीस हजार. जीएसटी पाच टक्के, म्हणजे साडेतीन लाख. आणि किमतीचा आकडा ठरवताना बँकेला मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यात धरता येत नाही. या सगळ्यासाठी भविष्य निर्वाह निधी निघालेला असतो, एखादी पाटली मोडलेली असते. त्या अवस्थेत आणखी तीन लाखांची हौस ही बहुधा वैयक्तिक कर्जावर किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर भागते, ज्याचा दर गृहकर्जाहून कितीतरी चढा असतो. ताब्यानंतर वर्ष-दीड वर्षात हप्ते थकायला लागलेली जी खाती माझ्या टेबलावर येत, त्यांत घर महाग पडल्याची तक्रार कमी असे. सोफा, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि फरशी यांसाठी जे दुसरे-तिसरे कर्ज काढलेले असे ते जड गेलेले असे.

तिसरा मुद्दा दराचा. बिल्डरने ठरावीक दराची टाइल किमतीत धरलेली असते. तुम्ही महाग टाइल निवडली तर त्या दराचे ‘क्रेडिट’ देऊन वरचा फरक त्याने घ्यावा, असा साधा न्याय आहे. प्रत्यक्षात अपग्रेडचा आकडा एकरकमी सांगितला जातो. तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. मूळ टाइलचा प्रति चौरस फूट दर काय धरला आहे? नव्या टाइलचा दर काय? आणि बसवण्याची मजुरी, जी दोन्हींना जवळपास सारखीच असते, ती दुसऱ्यांदा का लावली? समजा घरात सहाशे चौरस फूट फरशी आहे आणि दोन टाइल्सच्या दरात साठ रुपयांचा फरक आहे. तर फरक छत्तीस हजारांचा. तुकडे-फूट आणि स्कर्टिंग धरले तरी तो चाळीस-पंचेचाळीस हजारांवर जात नाही. कागदावर लाख-सव्वालाख दिसले तर वरच्या पैशाचा खुलासा मागण्यात काही गैर नाही. मागितल्यावर आकडा खाली येतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

जे कागदावर नाही ते घरात नाही

गृहखरेदीच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला, तो रेराचा. २०१६ चा हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण त्याच दिवसापासून काम करू लागले. त्याआधी आपल्याकडे १९६३ चा मोफा होता. तो कागदावर बराच कडक असला तरी दाद मागायची म्हणजे कोर्टाची पायरी चढावी लागे. रेराची चर्चा बहुतेक वेळा रखडलेल्या ताब्यापुरती होते. फरशीच्या दृष्टीने त्यातली चार कलमे वाचण्यासारखी आहेत.

कलम १२ म्हणते की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाल्याने नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. कलम १३ म्हणते की नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येणार नाही. कलम १४ च्या दुसऱ्या भागानुसार, कबूल केलेल्या वस्तूंचा दर्जा, जोडण्या आणि सुविधा यांत तुमच्या पूर्वसंमतीशिवाय बदल करता येत नाही. त्याच कलमाच्या तिसऱ्या भागानुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. मोफात ही मुदत तीन वर्षांची होती.

आता या चारही कलमांचा उपयोग केव्हा होतो? करारनाम्याच्या परिशिष्टात फरशीचे वर्णन नीट लिहिलेले असेल तेव्हा. ‘उत्तम प्रतीची, नामांकित कंपनीची किंवा समतुल्य टाइल’ या वाक्यातला ‘समतुल्य’ हा शब्द फार दगाबाज आहे. कंपनी, आकार, जाडी, प्रकार, चकचकीत की मॅट, डॅडो ओट्यावर दोन फूट की लिंटेलपर्यंत, जॉइंट कशाने भरणार, हे सगळे लिहून घ्यावे. अपग्रेड करायचे ठरले असेल तर तेही तिथेच यावे.

इथे एक प्रलोभन येते. ‘साहेब, एक्स्ट्रा वर्क वेगळे दाखवू. करारनाम्यात घातले तर उगाच मुद्रांक वाढेल.’ मी बँकेत असताना हे वाक्य इतक्या ग्राहकांनी मला येऊन सांगितले आहे की ते कोणी तरी छापून वाटत असावे, अशी मला शंका येई. हिशेब सोपा आहे. तीन लाखांवर सात टक्क्यांनी एकवीस हजार रुपये मुद्रांक. हे एकवीस हजार वाचवण्यासाठी माणूस तीन लाखांचा पुरावा सोडून देतो. वेगळ्या चिठ्ठीवर, किंवा चिठ्ठीशिवाय रोखीने दिलेल्या पैशांबद्दल उद्या महारेरापुढे काय दाखवणार? आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्याला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे, ते वेगळेच. काम खरोखरच वेगळे करायचे असेल तर त्याचा स्वतंत्र लेखी करार, बिल आणि चेक एवढे तरी हवेच.

याच्या उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. ताबा घेऊन बिल्डरची नवीकोरी फरशी फोडायची आणि आपल्या कंत्राटदाराकडून हवी ती घालायची, असा मार्ग पुष्कळजण धरतात. त्यात निवड मोकळी मिळते, दरही बहुधा बरा पडतो. परंतु अनेक करारनाम्यांत एक ओळ असते: लेखी परवानगीशिवाय स्नानगृहात, शौचालयात किंवा स्वयंपाकघरात फोडाफोड केली आणि त्यामुळे गळती झाली तर दोषदुरुस्तीची जबाबदारी संपली. आपल्या न्हाणीघराची जमीन म्हणजे खालच्याचे छत. त्या टाइलखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि जलरोधक थर असतो. छिन्नी एकदा त्यात शिरली की पुढच्या पावसाळ्यात, पावसाचा संबंध नसतानाही, खालच्या घरात ओल उतरते. सोसायट्यांमधली निम्मी वैरे इथे जन्माला येतात असे मी म्हटले तर कोणत्याही सेक्रेटरीला ते अतिशयोक्त वाटणार नाही.

वजनाचेही भान हवे. जुन्या घरात फरशीवर दोन इंच माल टाकून नवी फरशी घातली की एका चौरस मीटरला सुमारे शंभर किलो वजन वाढते. साठ चौरस मीटरच्या घरात हे सहा टन झाले, आणि टाइलचे वजन वेगळे. ही गोष्ट कंत्राटदाराच्या नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने करायची असते.

ओट्यामागची भिंत

आता स्वयंपाकघरात जाऊ. आपला ओटा हा तसा अलीकडचा. गॅस घरोघरी येईपर्यंत चूल आणि शेगडी जमिनीवर होती आणि बाई पाटावर बसून रांधत होती. पन्नाशीच्या दशकात मुंबईत गॅस सिलिंडर आले, हळूहळू राज्यभर पसरले आणि स्वयंपाकघर उभे राहिले. आधी ओट्याला काळा कडाप्पा, मग ग्रॅनाइट. ओटा भिंतीला टेकला आणि फोडणी भिंतीवर उडू लागली. मागच्या टाइल्सची गरज तिथून निर्माण झाली.

पुस्तिकेतली चित्रे पाहून असे वाटते की ती स्वयंपाकघरे चहा आणि टोस्टसाठी बांधलेली आहेत. आपल्या ओट्यावर हळद, तेल, चिंच, कोकम, लिंबू आणि लोखंडी कढई यांचा रोजचा वावर असतो. संगमरवर, कडाप्पा, कोटा आणि शहाबादी हे सगळे मुळात चुनखडीच्या कुळातले दगड. आमसुलाचे पाणी किंवा लिंबाची फोड त्यांच्यावर राहिली की तिथली चमक कायमची जाते. तो डाग नसतो, दगडच खाल्ला गेलेला असतो. म्हणून घासून निघत नाही. ग्रॅनाइट आणि विट्रिफाइडला आंबट पदार्थांची बाधा होत नाही. राहता राहिली हळद. ती टाइलवर बसत नाही, टाइलच्या जॉइंटमध्ये बसते. म्हणून मागच्या भिंतीला लहान-लहान नक्षीदार तुकडे बसवले की जॉइंट वाढतात, आणि पांढऱ्या सिमेंटने भरलेले जॉइंट सहा महिन्यांत पिवळे आणि वर्षभरात तपकिरी होतात. मोठी, सपाट टाइल आणि एपॉक्सीने भरलेला जॉइंट हा त्यावरचा साधा उपाय आहे. तो दिसायला काही विशेष नाही आणि वीस वर्षे पुसता येतो.

डिझाइनची चर्चा एवढी रंगते की ओट्याची उंची विचारायची राहून जाते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा ओटा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा, म्हणजे पोळ्या लाटताना खांदे आणि पाठ दुखत नाहीत. यासाठी एक पैसा जादा लागत नाही, फक्त बांधकाम चालू असताना मोजपट्टी घेऊन जावे लागते. घरात उंच सून आणि बुटक्या सासूबाई असतील तर कोणाच्या मापाचा ओटा करायचा, हा प्रश्न मी कादंबरीकार म्हणूनही सोडवू शकत नाही.

आणखी एक व्यक्ती आहे जिला या चर्चेत कोणी बोलावत नाही. ती म्हणजे घरी लादी पुसायला येणारी बाई. चकचकीत गडद फरशीवर पाण्याचा एक-एक ओघळ दिसतो; तीच ती जागा दोनदा, तीनदा पुसावी लागते. खडबडीत नक्षीच्या टाइलच्या खाचांत धूळ अडकते. जी माणसे महिन्यातून एकदाही फरशी पुसत नाहीत ती फरशी निवडतात, हा आपल्या घरांचा जुनाच शिरस्ता आहे.

घसरडी श्रीमंती

फरशीचा सर्वांत महाग खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. तो अस्थिव्यंगतज्ज्ञाच्या बिलात असतो. साठीनंतर एकदा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, महिनोन्महिने अंथरूण आणि त्यानंतर कमी झालेला आत्मविश्वास हे चक्र अनेक घरांनी पाहिले आहे. माझ्या वयाच्या मित्रमंडळींत आता हा गप्पांचा नेहमीचा विषय आहे. पूर्वी आम्ही पगारवाढीवर बोलत असू.

पॉलिश केलेली टाइल कोरडी असते तोपर्यंत धोका कमी. ओली झाली, तीवर तेलाचा किंवा साबणाचा थेंब पडला, की गणित बदलते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी आणि वॉशिंग मशीनची जागा इथे मॅट किंवा अँटिस्किड टाइलच हवी. टाइलच्या माहितीत ‘आर’ अक्षरापुढे आकडा असतो, ९ ते १३. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. दुकानदाराला हा आकडा विचारावा. त्याला माहीत नसेल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात पाहावा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे नमुन्याच्या टाइलवर पाणी ओतून अनवाणी उभे राहून पाहणे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. आपण घरात अनवाणी वावरणारी माणसे आहोत. बुटांनी चालणाऱ्यांसाठी काढलेली चित्रे आपल्याला पुरेशी नाहीत.

आणि उतार. न्हाणीघरातले पाणी ट्रॅपकडे वळत नसेल तर जगातली कुठलीही टाइल उपयोगाची नाही. ताबा घेण्यापूर्वी एक बादली पाणी ओतून पाहावे, आणि लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. ती टाइल नारळ फोडताना तडकेल किंवा कपाटाच्या पायाखाली बसेल. ही यादी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. जाता जाता, त्याच शेडची आणि त्याच बॅचची दोन खोकी मागून घेऊन माळ्यावर ठेवावीत. पुढल्या वर्षी त्याच नावाची टाइल मिळेल, पण रंग तोच मिळेल याची खात्री नाही.

धूळ कोणाच्या छातीत?

आपल्या घरातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात. मातीची कौले आणि भिंतीवरची घड्याळे यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आज देशातल्या सिरॅमिक उद्योगाची राजधानी आहे, आणि टाइल्सच्या उत्पादनात चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो. ही स्वस्ताई काही प्रमाणात हवेने सोसलेली आहे. तिथल्या कोळशाच्या गॅसिफायरवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बंदी घातली, तेव्हा कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले.

धुळीचा प्रश्न मात्र आपल्या दारातला आहे. टाइल, ग्रॅनाइट आणि हल्ली ओट्यासाठी लोकप्रिय झालेला कृत्रिम क्वार्ट्झ यांत सिलिका असते. क्वार्ट्झमध्ये तर ती नव्वद टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक असू शकते. कोरड्या कटरने हे कापले की जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर पूर्ण बरे करणारा उपाय नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे उत्पादन, विक्री आणि बसवणे या सर्वांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे मात्र जिन्याच्या वळणावर, तोंडाला रुमाल बांधून, विशी-पंचविशीतला एखादा मुलगा दिवसभर कटर चालवत बसलेला असतो आणि आपली तक्रार काय, तर धूळ शेजाऱ्यांच्या घरात जाते. कंत्राट देताना एवढी एक अट घालता येते: कापणे पाणी सोडूनच करायचे आणि मुलांना नीट मास्क द्यायचा. यासाठी लागणारा पैसा अपग्रेडच्या रकमेपुढे नगण्य आहे.

फोडलेल्या नव्या फरशीचे काय होते, हाही प्रश्न याच रांगेतला. पाडकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र नियम झाले, त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले. तरी रात्रीच्या वेळी खाडीकाठी आणि ओढ्यांच्या कडेला पडणारे ढीग शहरात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहेत. एक दिवसही न वापरलेली टाइल त्या ढिगात जाते, तेव्हा तिच्या भट्टीतली आग आणि आपल्या कर्जावरचे व्याज दोन्ही तिच्याबरोबर जातात.

मग निवडायचे काय?

हौस करू नये असे मला मुळीच सुचवायचे नाही. आयुष्यभराच्या कमाईचे घर, त्यात मनासारखी फरशी असावी असे कोणाला वाटणार नाही? मात्र हौसेला क्रम असावा. जे नंतर फोडल्याशिवाय बदलता येत नाही, त्यावर आज पैसे घालावेत: न्हाणीघराचा जलरोधक थर आणि उतार, ओल्या जागांतली न घसरणारी टाइल, घरभर एकसारखी, साधी, मध्यम रंगाची फरशी आणि आपल्या मापाचा ओटा. जे दोन दिवसांत बदलता येते, ते नंतरसाठी ठेवावे. ओट्यामागची भिंत ही दहा-पंधरा चौरस फुटांची गोष्ट. तिथली नक्षी पाच वर्षांनी, दिवाळीच्या बोनसमधून, कर्जाशिवाय करता येते, आणि तोपर्यंत त्या स्वयंपाकघरात कुठे ऊन येते, कुठे तेल उडते, हेही कळलेले असते.

बाजाराची सगळी रचना नेमकी याच्या उलट आहे. जे दिसते ते आधी विकले जाते आणि जे दिसत नाही त्याबद्दल कोणी विचारीत नाही. कारण टाइलखालच्या थराचे छायाचित्र पुस्तिकेत छापता येत नाही. ग्राहकाने आपले प्रश्न त्या थरापासून सुरू केले, तर बिल्डरांनाही तो थर नीट घालणे भाग पडेल. रेराने प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरायला मात्र माणसाने गुळगुळीत पुस्तिका मिटून करारनाम्याचे परिशिष्ट उघडावे लागते, आणि ते काम दुकानांतून हिंडण्याइतके रंजक नाही. एखादा रविवार त्यासाठीही काढावा.